कुजबुजराव आणि साहेबांचं दुसरं पान

घंटा झाली. सभागृहातले दिवे मंदावले. मखमली पडदा एकदा थरथरला आणि वर सरकू लागला. तुमचे डोळे साहजिकच मधोमध उभ्या असलेल्या राणीकडे जाणार. जाऊ द्या, ती मीच आहे, आणि त्या वयात मी बघण्यासारखी होते. पण आज माझ्यासाठी जरा मान वळवा. उजव्या विंगेत, पडद्याच्या आडोशाला एक तीन पायांचं स्टूल आहे. त्यावर एक किडकिडीत माणूस बसलाय. मांडीवर नाटकाची वही, वहीवर फडक्यात गुंडाळलेला छोटा दिवा, गालात घशाची गोळी. माझे ओठ हलतात त्याच्या अर्धा शब्द आधी त्याचे हलतात.

तो आमचा प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरला की प्रेक्षकांना कळू न देता ते त्याच्या कानात सोडायचं, हा त्याचा धंदा. आम्ही त्याला कुजबुजराव म्हणायचो. खरं नाव पगाराच्या दिवशी मालक घेत असत तेवढंच.

जन्मभर कुजबुजून त्यांचा आवाज कायमचा तसाच झाला होता. बाजारात भाव विचारला तरी भाजीवालीला वाटायचं, हा माणूस काहीतरी गुपित सांगतोय. ती कान पुढं करायची आणि बऱ्याचदा भावही कमी करायची. त्यांची थोरली बहीण, आमची अक्का, कंपनीच्या कपडेपटावर होती. मला प्रत्येक प्रयोगात राणी बनवायची ती. तिच्या तोंडात सदा टाचण्या, त्यामुळं तीही दातांच्या फटीतून बोलायची. धोब्याच्या दुकानामागं दोन खोल्यांत बहीण-भाऊ राहायचे. त्या घरात मोठ्यानं बोलायची ती फक्त चहाची किटली.

कुजबुजरावांची खरी करामत वाक्य सांगण्यात नव्हती, न सांगण्यात होती. नट मुद्दाम थांबलाय की अडकलाय, हे त्यांना पाठीवरून कळायचं. "थांबलेल्या माणसाचे खांदे खाली असतात, राणीसरकार," ते मला म्हणायचे. "अडकलेल्याचे कानाला टेकतात." मला ते राणीसरकारच म्हणायचे, भर उन्हात दुधाच्या रांगेत भेटलो तरी.

आणि त्यांचा एक कायदा होता. एका प्रयोगात मी दुःखाच्या भरात दोन पानं उडी मारून थेट विलापावर गेले. प्रेक्षक रडायला लागलेले, मीही रंगात आलेली, आणि विंगेतून आपलं चालूच: 'कोण आहे तिकडे? दूताला आत पाठवा.' मी दुर्लक्ष केलं. पुन्हा तेच. चौथ्यांदा तर इतक्या खणखणीत कुजबुजले की पहिल्या रांगेतला एक गृहस्थ दाराकडे बघायला लागला. शेवटी मी डोळे पुसले, विलाप गिळला आणि दूताला आत बोलावलं.

पडदा पडल्यावर मी त्यांच्यावर धावून गेले. "अहो, मी पुढं गेले होते! मागोमाग यायचं सोडून मला मागं काय ओढता?"

"तुम्ही पुढं गेलात हो. पण दूत विंगेतच राहिला असता. संध्याकाळपासून दाढी चिकटवून उभा होता बिचारा."

"एक दूत नाही आला तर काय राज्य बुडणार होतं?"

"त्याचं बुडलं असतं," कुजबुजराव म्हणाले. "कापायचं तर तालमीत कापा, मला सांगून कापा. प्रयोगात गळलेलं मी परत आणणार म्हणजे आणणार."

दूत झालेल्या नटानं त्या दिवशी त्यांना स्वतःच्या पैशांनी चहा पाजला.

मग कंपनी बंद पडली. मालक गेले, मुलांना नाटकात रस नव्हता, नाट्यगृहाला कुलूप लागलं. आत कुणाकुणाची जुनी कपाटं ठेवायला लागले. त्या मखमली पडद्यांचा, सरसाचा आणि तापलेल्या दिव्यांचा वास अजून कधी कधी मला झोपेतून उठवतो. मी तीन-चार मुलींना आवाजाचे धडे द्यायला लागले. कुजबुजराव एका छापखान्यात मुद्रितं वाचायला लागले. अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि सुईत दोरा ओवणं संपलं.

आम्हा कुणालाच पेन्शन नव्हती. कंपनीत सही करून पैसे घेतले, पुढचं कुणी बोललं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. तरुणपणी असलं विचारणं अपशकुनी वाटतं. पण कुजबुजराव आता विचारायचे, स्वतःलाच. चहा पिता पिता, दुसरी माणसं हवापाण्याचं बोलतात त्या सुरात म्हणायचे, "मी आधी गेलो तर अक्काचं काय?"

"मर की खुशाल," अक्का आतून म्हणायची. "मी पडदे विकून खाईन."

"कुठले पडदे?"

"तेच तर."

हसायचे दोघं. पण त्या हसण्याला टाके घातलेले असायचे, ओढलं की उसवणारे.

अशा दिवसांत साहेब माझ्याकडे आले. निवडणुकीला उभे राहिलेले. साधा, जाड भुवयांचा, पन्नाशीचा माणूस. तरुणपणी फौजेत होते. बंदूक चालवण्यापेक्षा चौक्यांवर रसद पोहोचवायचं काम जास्त केलेलं. त्यांची अडचण अशी की, चारचौघांत छान बोलायचे आणि व्यासपीठावर चढले की पाटी कोरी. कागद वाचून दाखवला की लोक जांभया द्यायचे.

"बाई, मला नट करा," ते म्हणाले.

"नट व्हायला जन्म जातो. तुमच्याकडे किती दिवस आहेत?"

"निवडणुकीपर्यंत."

"मग तुम्हाला नट नको, प्रॉम्प्टर पाहिजे," मी म्हणाले, आणि कुजबुजरावांना निरोप धाडला.

पुढारी आणि प्रॉम्प्टर यांची जोडी माझ्या खोलीतच जमली. नंतर साहेबांनी खटपट करून नाट्यगृहाचं कुलूप उघडवलं आणि दुपारच्या तालमी आमच्या त्या जुन्या रंगमंचावर सुरू झाल्या. कपाटांच्या गर्दीत साहेब उभे, मी पहिल्या रांगेत, अक्का सोबतीला; आणि उजव्या विंगेत, तेच स्टूल शोधून काढून, कुजबुजराव. इतक्या वर्षांनी तिथून ती कुजबूज ऐकली आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली.

साहेबांच्या भाषणाची दोन पानं होती. पहिलं पान देशाच्या सुरक्षेचं: सीमेवरच्या चौक्या, तिथवर जाणारे रस्ते, जवानांचे कपडे, बूट. दुसरं पान म्हातारपणाचं. ज्यांनी जन्मभर काम केलं पण ज्यांना सांगण्यासारखा मालक नाही, त्या घरकामाच्या बाया, हमाल, शिंपी, आमच्यासारखे रंग फासून पोट भरणारे, यांना सरकारनं पेन्शन द्यावी, असं त्यात होतं. हे शेवटचं 'रंग फासून'वालं साहेबांनी तालमीला आल्यावर घातलं. अक्काकडे बघून.

साहेबांसाठी ही दोन पानं वेगळी नव्हतीच. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "बाई, लोकांना वाटतं पहाऱ्यावरचा माणूस सगळं लक्ष समोर ठेवून उभा असतो. त्याचं अर्धं लक्ष मागं असतं, घराकडे. आमच्या चौकीवर एक पोरगा होता. आई आजारी असल्याचं पत्र आलं त्याला. पुढचा आठवडाभर तो उभा होता चौकीवर, पण पहारा देत होता तो आईच्या खाटेशी. तेव्हा सीमा सांभाळायची तर दोन्हीकडून सांभाळावी लागते. मला एवढंच राजकारण कळतं."

"आणि एवढंच कळतं म्हणून मी आहे," चिटणीस म्हणाले. हे पक्षाचे चिटणीस, साहेबांच्या निवडणुकीची सूत्रं यांच्या हातात. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. "साहेब, पहिल्या पानावर टाळ्या पडतात. दुसऱ्या पानावर प्रश्न पडतात. पैसा कुठून आणणार, कुणाला देणार, कुणाला नाही. आधी निवडून या. मग द्या काय द्यायचं ते."

"मतं मागताना तोंडातून निघालं नाही ते निवडून आल्यावर निघत नाही," साहेब म्हणाले. "मी बघितलंय."

हा वाद रोजचा. कुजबुजराव त्यात पडत नसत. पण चिटणीसांनी त्यांना एक शब्द दिला होता: निवडणूक झाली की पक्षाच्या कचेरीत कायमची नोकरी, पेन्शनसकट. आणि तुमच्या पश्चात बहिणीला अर्धी. त्या दिवशी कुजबुजरावांनी दुपारच्या चहाला बिस्किटांचा अख्खा पुडा आणला. "अक्काची सोय झाली," ते मला म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की मी दचकले. म्हणजे तुमच्याआमच्या साध्या बोलण्याइतक्या.

शेवटची मोठी सभा आली. मैदान फुललेलं. व्यासपीठाच्या मागं मोठं निळं कापड ताणलेलं, त्याच्यामागं स्टुलावर कुजबुजराव, कापडाला त्यांच्या तोंडाशी एक फट. मी आणि अक्का पुढच्या खुर्च्यांत.

आता जे कुणाला माहीत नव्हतं ते सांगते. आम्हालाही नंतर कळलं. मैदानाकडे येताना गाडीत चिटणीसांनी साहेबांना अखेर पटवलं होतं. लढत अटीतटीची आहे, आज फक्त पहिलं पान, त्यावर टाळ्या घ्या आणि उतरा. साहेब खिडकीबाहेर बघत बरं म्हणाले. माणूस थकला होता. सगळ्यांना कळवलं गेलं: माइकवाल्याला, हारवाल्याला, घोषणा देणाऱ्या पोरांना. कापडामागच्या माणसाला सांगायचं मात्र कुणाला सुचलं नाही. प्रॉम्प्टर बाकी कुणाला आठवत नाही, हेच तर त्याच्या कामाचं यश.

साहेब बोलायला लागले. काय बोलले हो! मी शिकवलेला प्रत्येक श्वास जागच्या जागी. चौकीवरचं बर्फ, फाटके बूट, पोरांचे गारठलेले हात. मैदान सुन्न, मग टाळ्यांचा कडकडाट. साहेबांनी हात वर केला आणि थेट शेवटाकडे वळले: "तर मित्रहो, येत्या..."

आणि त्यांचे खांदे कानाला टेकले.

मी बघितलं. कापडामागून कुजबुजरावांनीही बघितलं असणार. आता त्यांच्या लेखी साहेब अडकले होते, पान गळलं होतं. फटीतून वाक्य आलं: 'आणि त्याच्या घरात जे म्हातारे होताहेत, त्यांना कोण सांभाळणार?'

साहेब ऐकून न ऐकल्यासारखे. "येत्या रविवारी आपण..."

पुन्हा वाक्य आलं. टाळ्या चालूच होत्या, म्हणून जरा वरच्या पट्टीत. साहेबांची जीभ अडखळली. बाजूला बसलेल्या चिटणीसांनी कापडाकडे वळून डोळे वटारले. पण कापडाला डोळे दिसत नाहीत. तिसऱ्यांदा कुजबुजरावांनी छातीत हवा भरली, आणि नेमक्या त्याच क्षणी टाळ्या थांबल्या.

"त्यांना कोण सांभाळणार?"

शांत मैदानावर तो आवाज माइकमधून लख्ख घुमला. घोगरा, म्हातारा, अनोळखी. जन्मभर ज्याचा आवाज बाराव्या रांगेला ऐकू गेला नव्हता, त्याचा आवाज मैदानाच्या टोकाच्या सायकलींपर्यंत गेला.

कर्णे मैदानभर लावलेले; लोकांना वाटलं, गर्दीतूनच कुणीतरी विचारलं. माना वळल्या. मग मागून एक बाई ओरडली, "हो, सांगा की! कोण सांभाळणार?" तिला दुसरीनं साथ दिली. एका म्हाताऱ्यानं काठी वर केली. "बुटांचं सांगितलंत, आता आमचं सांगा!"

चिटणीस पुटपुटले, "गेलं."

मी साहेबांचे खांदे बघत होते. ते हळूहळू खाली आले.

"प्रश्न बरोबर आहे," साहेब म्हणाले, "आणि मी तो आज टाळणार होतो." मग त्यांनी दुसरं पान सुरू केलं. तालमीतलं एकही वाक्य चुकलं नाही. कापडामागून त्यांना एकही सांगावं लागलं नाही. 'शिंपी' म्हणाले तेव्हा अक्कानं माझा हात धरला. मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, पण तिचं तोंड बरोबर व्यासपीठाकडे होतं. शेवटी साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला.

सभा संपल्यावर कापडामागं जे झालं ते मी ऐकलं. चिटणीस कुजबुजरावांवर तुटून पडले. "तुम्हाला काय कळतं राजकारणातलं? कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

"न उघडायला कुणी सांगितलं होतं?" कुजबुजराव म्हणाले. मग ते साहेबांकडे वळले. "पान कापल्याचं मला सांगायचं ना साहेब. मला वाटलं तुम्ही विसरलात. मी... दुसरं काहीही काम द्या. कागद लावतो. चहा आणतो."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढंच. नोकरी चिटणीसांच्या हातात होती, आणि ती गेली.

घरी अक्कानं कुजबुजरावांची बिनपाण्यानं केली. तोंडात टाचण्या नव्हत्या त्या दिवशी. "जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सांगितलीस. आणि 'माझी चूक नाही, नोकरी द्या' एवढं स्वतःचं एक वाक्य ठणकावून सांगायची वेळ आली तर दातखीळ बसली! चहा आणतो म्हणे!"

"तुझी सोय घालवली मी, अक्का."

"माझी सोय!" ती म्हणाली आणि किटली आदळली.

मी बाहेर पडताना त्यांना दारात विचारलं, "खरं सांगा कुजबुजराव. एकदा सांगून साहेबांनी घेतलं नाही, दुसऱ्यांदा घेतलं नाही. तिसऱ्यांदा तरी तुम्हाला कळलं असेल ना, की मुद्दाम गाळताहेत?"

"दुसऱ्यांदाच कळलं," ते म्हणाले. "पण राणीसरकार, त्या पानावरची माणसं विंगेत उभी होती."

साहेब निवडून आले, थोडक्यात. काही म्हणाले दुसऱ्या पानामुळं, काही म्हणाले दुसरं पान असूनही. पेन्शनचं पुढं घोंगडं भिजत पडलं, तेही वर्षानुवर्षं. समित्या बसल्या, उठल्या. मोतीबिंदू काढून अक्काला एका डोळ्यानं दिसायलाही लागलं, तरी सरकारला दिसत नव्हतं. पण साहेब जातील तिथं कुणी ना कुणी उठून विचारायचंच, "कोण सांभाळणार?" त्या वाक्यानं त्यांची पाठ सोडली नाही. विरोधकांनीही ते उचललं. शेवटी साहेबांच्या दुसऱ्या खेपेला कायदा झाला. रक्कम बेताची, पण ज्याची त्याच्या नावावर. अक्काच्या नावावर जन्मात पहिल्यांदा काही आलं.

तुम्हाला सांगते, सत्तरी उलटलेल्या बाईचा असा तोरा मी राजवाड्याच्या नाटकांतही पाहिला नाही. पहिल्या महिन्यात तिनं माझ्यासाठी पावडरचा डबा आणला. "राणीची पावडर माझ्याकडून," म्हणाली. भावाला मात्र दमडी देईना. "तुझी येईल तेव्हा तू खर्च कर. ही माझी आहे." कुजबुजराव ते सगळ्या गल्लीला सांगत सुटायचे, आणि गल्ली कान पुढं करून ऐकायची.

'मी आधी गेलो तर' हे वाक्य त्यानंतर चहाबरोबर आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीनं दगा दिला. इस्पितळातल्या लांबलचक खोलीत खिडकीजवळची खाट मिळाली होती. खाटेशी एकच खुर्ची. मी रोज दुपारी जायचे, वाचून दाखवायचे. मधेच चुकले तर उशीवरून ओठ हलायचे. अक्का चारनंतर यायची. बसनं नाही, टॅक्सीनं, स्वतःच्या पैशांनी. भाडं किती झालं विचारलं तर फणकारायची, "तुला काय करायचंय?" आणि ते ऐकायला ते मुद्दाम रोज विचारायचे.

त्या दुपारी मी वाचत होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपले असतील असं वाटून मी आवाज खाली आणला, पुस्तक मिटलं, बसून राहिले. खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आणि दार आपटल्याचा आवाज झाला. अक्का येऊन बसेपर्यंत त्यांना ग्लानी आली होती आणि ती मग उतरली नाही. तिचा हात मात्र त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवला होता. म्हणजे जे काही ते शेवटचं बोलले, ते मला बोलले. खाली ते दार आपटलं तेव्हा, डोळे न उघडता, गालातल्या गालात हसत, अगदी मला तेवढं ऐकू जाईल असं:

"उठा राणीसरकार, खुर्ची मोकळी करा. अक्का आली, टॅक्सीनं."